पोपचं घराणं आणि मेव्हणीचं स्थळ

माझ्या मेव्हणीचं जमत आलेलं लग्न पंधराव्या शतकातल्या एका पोपमुळे मोडलं. मेघनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत असं की पोपकडे काही दोष जात नाही, सगळा माझ्याकडेच येतो.

त्या हिवाळ्यात सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आल्या होत्या. चार वाजता अंधार, बाहेर भुरभुर पाऊस आणि घरात मराठी चॅनेल नाही. मालिकांवाचून त्यांचा चेहरा पार उतरला. मग आदर्श जावई या नात्याने मी लायब्ररीतून एका इंग्रजी मालिकेच्या डीव्हीडींचा संच आणला. कव्हरवर महाल, लाल झग्यातला एक म्हातारा आणि दागिन्यांनी मढलेली मुलगी. मागचा मजकूर काही मी वाचला नाही (सोबत दिलेली माहिती मी ऑफिसातही वाचत नाही).

"मोठ्या घराण्याची गोष्ट आहे, आई. मी मराठीत सांगत जातो."

पाचव्या मिनिटाला पोपची चार मुलं पडद्यावर आली.

"पोपला मुलं असतात?"

"हे संसारी होते, आई."

दहाव्या मिनिटाला कुणीतरी पाहुण्याच्या पेल्यात पूड टाकली.

"काय दिलं हो त्याला?"

"काढा. पित्तावरचा."

पाहुणा खुर्चीवरून खाली कोसळला. "लगेच झोप लागली बघा," मी म्हणालो.

तिथेच टीव्ही बंद करायला हवा होता. पण महिनाभराने सासूबाई पहिल्यांदा हसल्या होत्या, माझा हात रिमोटकडे जाईना. पुढे बहीणभावाचा असा एक प्रसंग आला की मी रिमोटवर जवळजवळ आडवा पडलो आणि "भाऊबीज आहे" म्हणून मोकळा झालो. मग भावाने बहिणीच्या नवऱ्याचा गळा आवळला. मी सांगितलं, "मेव्हण्याचा घसा धरलाय, चोळून देतोय." सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, इथे मी एकही चूक नसलेलं घराणं उभं केलं. शेवटच्या भागाला सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"किती माया हो एकमेकांवर," त्या म्हणाल्या.

आणि त्याच सुमाराला ऋताला, म्हणजे लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मेव्हणीला, केंब्रिजचं स्थळ आलं. दोघं दोनदा भेटली होती. आता घरची मंडळी आमच्याकडे येणार होती.

"जिजू, प्लीज," ती फोनवर म्हणाली, "आईला फार बोलू देऊ नका. आय रिअली लाइक हिम."

मी शब्द दिला.

रविवारी ऋता आली, मागोमाग मंडळी आली. पोहे झाले, चहा आला. मुलाची आई शाळेत इतिहास शिकवायची. तिने सहज विचारलं, "इथे वेळ कसा जातो तुमचा?"

मी घाईने पुन्हा पोहे वाढायला उठलो. सासूबाईंनी मालिकेचं आणि घराण्याचं नाव अगदी स्पष्ट उच्चारात सांगितलं. वर म्हणाल्या, "आमचं घरही थेट तसंच आहे. त्यांनी जावयांचं केलं ना, तसंच आम्ही तुमच्या मुलाचं करू."

मुलाच्या वडिलांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"तुम्ही ती पाहिलीत? पूर्ण?" मुलाच्या आईने विचारलं.

"हो तर. आमच्या जावयांनी शेजारी बसून दाखवली. काही भाग तर पुन्हा मागे नेऊन."

त्या बाई खरोखर चांगल्या होत्या. सासूबाईंच्या जवळ सरकून, हलक्या आवाजात, चार वाक्यांत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ऋता माझ्याकडे बघत होती आणि मी पोह्यातला एक शेंगदाणा शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

ऋता फोनवर रडली. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. मेघना तर स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"तू आईला काय काय सांगत होतास?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई मध्ये आल्या. "ओरडू नकोस त्यांच्यावर. मी रात्रभर विचार केला. हा माणूस खोटं बोलणारा नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बिचाऱ्यांना इंग्रजी येत नाही गं."

आता एक तर खोटारडा ठरायचं, नाहीतर अडाणी. मी मान खाली घातली.

"हो आई. थोडं कच्चं आहे."

त्यानंतर सासूबाई परत जाईपर्यंत कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की त्या ते माझ्या हातातून अलगद काढून घेत आणि मला घेऊन शेजारच्या पोलिश बाईंकडे जात. त्या बाईंना या देशात येऊन चार महिने झाले होते. त्या मला ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवत, आणि मी दर वाक्याला मान डोलवून "थँक यू" म्हणत असे.