गाळलेली ओळ

डूख धरायला सापच व्हावं लागतं असं नाही. मी दहा वर्षांची असताना धरला आणि आठ वर्षं सोडला नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी मराठी चौथीत होते. पाचूबंदरच्या आमच्या ख्रिस्ती कोळीवाड्यातून शाळेत जाणाऱ्या मुली दोनच, त्यांतली एक मी. एका सकाळी गुरुजी आमच्या वर्गाला वसईचा किल्ला दाखवायला घेऊन आले. किल्ला आमच्या घरामागेच. माझा बा लाल टोपी घालून तटाच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. गुरुजींना तहान लागली होती. आमच्या घरचं पाणी ते पिणार नाहीत, हे बाला कुणी सांगावं लागलं नाही. तो माडावर चढला आणि शहाळी पाडून आणली.

शहाळं पिऊन गुरुजी पडक्या चर्चसमोर उभे राहिले आणि मराठ्यांनी फिरंग्यांकडून किल्ला घेतला ती लढाई त्यांनी सांगितली. फार सुरेख सांगितली, खोटं कशाला बोलू? सुरुंग उडाला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी माझ्या बाच्याकडे बोट केलं.

"हे बघा, फिरंग्यांची पिलावळ. धनी पळाले, हे मागे राहिले. यांच्या घंटा आता आपल्या देवळांत वाजतात."

पोरं खिदळली. बाला ऐकू आलं नसेल म्हणावं, तर तो चार हातांवर होता. तो हसला. हसतच म्हणाला, "गुरजी, आनखी एक फोडू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुजींचा राग आलाच, पण त्याहून जास्त त्या हसण्याचा आला.

आमच्या घरी तिन्हीसांजेला सगळे वेदीपुढे गुडघे टेकून रोजारची माळ जपत. 'आमच्या बापा' या प्रार्थनेचा पहिला भाग बा म्हणे, उरलेला आम्ही सगळे मिळून. त्यात एक ओळ येते: आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हांला कर. त्या संध्याकाळी मी ती ओळ गाळली. ओठ मिटून घेतले, पुढच्या शब्दाला उघडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. सात जणांच्या आवाजात एक गळाला तर कुणाला कळतंय! ईस्टरच्या आधी पाद्रीबाबांकडे कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला जायचे, तेव्हा चोरून खाल्लेल्या चिंचासुद्धा सांगायचे. पण हे नाही सांगितलं. मला ते पाप वाटतच नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये तोच इतिहास उलटा शिकवत. तिथे आमची चर्चं मोडली, आमच्या लोकांचा छळ झाला. शाळेत विजय, चर्चमध्ये हुतात्मे. मासे धरून पोट भरणारा, दोन्ही राजवटींत त्याच पाण्यात जाळं टाकणारा माणूस दोन्हीकडे नव्हता. हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण शहाणपण सुचलं म्हणून डूख सुटतो थोडाच? मी ठरवलं, काट्याने काटा काढायचा. इतिहासाने मारलंय, इतिहासानेच मारायचं.

सातवीची फायनल पास झाले आणि अठराव्या वर्षी त्याच शाळेत बाई म्हणून लागले. गुरुजी निवृत्त झाले होते. चौथीत पहिल्याच रांगेत त्यांची मुलगी. देवाने ताटात वाढून दिल्यासारखी! शिक्षक कमी, म्हणून पहिली आणि चौथी एकाच खोलीत बसत. खाली जमिनीवर तिची धाकटी बहीण.

वसईचा धडा आला. मी लढाई सांगितली नाही. मी विचारलं, "किल्ल्याचे दगड कुणी वाहिले? वेठीला धरलेल्या गरिबांनी. मग त्या वेठीची हजेरी लिहायला फिरंग्यांच्या कचेरीत कोण बसलं होतं? लिहिता-वाचता कुणाला येत होतं?" मग तिला उभं केलं. "तू सांग. कोळ्यांना येत होतं?"

"नाही, बाई."

"मग कोण होते ते?"

तिने फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमची माणसं, बाई."

वर्ग खिदळला. हे कितपत खरं होतं देव जाणे. मी खरंखोटं करायला बसलेच नव्हते. धाकटी बहीण मान वर करून तिच्याकडे बघत होती. मुलीने बहिणीकडे पाहिलं आणि ती हसली. हसतच म्हणाली, "बाई, फळा पुसू?"

मी घरी आले ती ताठ मानेने. बा ओट्यावर जाळं शिवत होता. "आज उट्टं काढलं, बा," असं म्हणून सगळं सांगितलं.

त्याच्या हातातली सुई थांबली. "पोरगी रडली?"

"नाही. हसली."

"धाकली भन बघत होती?"

"हो."

"त्या दिशी तू बघत होतीस, बाय," बा म्हणाला. "मी रडलो असतो तं तू काय केलं असतंस?"



संध्याकाळी आम्ही वेदीपुढे गुडघे टेकले. बाने पहिला भाग म्हटला, आम्ही पुढचा. सवयीने माझे ओठ त्या ओळीला मिटले. प्रार्थना संपली, पण बाने माळेतली पुढची प्रार्थना, 'नमो मरिये', सुरू केली नाही. मणी बोटांत धरून तो थांबला. आय वळून त्याच्याकडे बघायला लागली. तो माझी वाट बघत होता. आठ वर्षं त्याला माहीत होतं.

गुरुजींना मी आजही माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करीन असंही वाटत नाही. पण त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं तेव्हा गुरुजी आठवलेच नाहीत, त्यांची मुलगी आठवली. क्षमा करतो, हे कसंबसं म्हटलं. तशी तू आम्हांला कर, हे काही केल्या निघेना. सगळ्यांचे गुडघे दुखायला लागले होते, तरी बा मणी पुढे सरकवत नव्हता.