कपाटाच्या दारावरची वजनं

प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं दगड कुटणाऱ्या बाईला दुसरं काय नाव पडणार? सगळे त्यांना खलबत्तेबाई म्हणायचे. समोर मात्र मावशी.

दगड म्हणजे खाणीतून येणारा काळा कुळकुळीत दगड, बराचसा कार्बनच. त्याची पूड पट्टीवर लावून पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन निघायला मदत होते, महागडं प्लॅटिनम लागत नाही. बाई तो अकीकाच्या, म्हणजे सहसा न झिजणाऱ्या कठीण दगडाच्या, खलात हातानं वाटायच्या, एका पुडीला तीन तास. मोठ्या सरांना कुठला एवढा धीर! त्यांनी पोलादी गोळ्यांची चक्की आणली. अर्ध्या तासात पूड तयार, आणि ती दुपटीनं काम करू लागली. सरांनी जगभर छापलं, यात धातूचा काडीचाही हात नाही, ही सगळी दगडाचीच करामत.

बाई दर शनिवारी ते गोळे धुऊन, वाळवून तोलायच्या आणि वजन कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीनं लिहायच्या. नवे होते तेव्हा तीनशे वीस ग्रॅम. सहा महिन्यांत तीनशे सतरा.

"सर, गोळे झिजताहेत. ते लोखंड पुडीतच जातंय ना?"

सर आले, हसले, आणि फायलीवर करतात तशी दारावर त्या तीनशे सतराच्या शेजारी 'पाहिलं' म्हणून तारखेसकट सही ठोकून निघून गेले. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दीड वर्षानं दुसऱ्या प्रयोगशाळेनं तोच दगड हातानं वाटला. काम निम्मंच झालं. तुमच्या पुडीत लोखंड असणार, असं त्यांचं पत्र आलं. चौकशी समिती बसली आणि सरांनी बाईंपुढे एक कागद सरकवला. भेसळ माझ्या हलगर्जीपणामुळे झाली, असं त्यावर टाइप केलेलं होतं.

"सही करा मावशी. तुम्ही आता निवृत्तच होणार. तुम्हाला काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! सव्वीस वर्षांत एका पुडीत दुसऱ्या पुडीचा कण जाऊ दिला नव्हता या बाईनं. घरी चहाचे कपसुद्धा तीनदा विसळतात म्हणून सून चिडवते. आणि हा माणूस स्वतःचं पाप त्यांच्या पदरात टाकून वर मावशी म्हणतो!

बाई उठल्या. खाली जाऊन स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कपाटाचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. ते काखोटीला मारून दोन जिने चढल्या. शिपाई मदतीला धावला, तर त्याच्यावर खेकसल्या, "हात लावू नकोस!"

समितीच्या चहाच्या कपांमध्येच त्यांनी दार आडवं ठेवलं. तीनशे वीसपासून तीनशे नऊपर्यंत, एकही शनिवार चुकलेला नव्हता.

"सही हवी होती ना, सर?" बाईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं. ते बरोबर तीनशे सतरावर टेकलं. "ही घ्या. तुमचीच आहे."