शेपटीचा जाणकार

रंगभूमीवर मी तीस वर्षं राजे केले, पण खरा रुबाब आमच्या मेहुण्याचा. उंटांच्या दुग्धशाळेत तो राखणदार. सकाळी बाह्या सरसावून नराला गोठ्यातून फिरवून आणायचा. जी उंटीण शेपटी ताठ वर करील, ती गाभण. याने बोट दाखवायचं, मालकाने मान डोलवायची. बावीस वर्षांत त्याचा शब्द खाली पडला नव्हता.

त्याची लाडकी एकच, ‘म्हातारी’. आईवेगळी म्हणून त्यानेच बाटलीने दूध पाजून वाढवलेली. दोन वर्षं ती भाकड राहिली, तेव्हा मालकाने बजावलं, “यंदाही गाभण राहिली नाही, तर खाटकाकडे.”

आणि म्हातारीने शेपटी वर केली! भर दुपारी हा अनवाणी माझ्या दारात. “दाजी, जिंकलो!”

मागोमाग त्याची लेक आली; ती दुग्धशाळेतच, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली कामाला. ती म्हणाली, “बाबा, नराकडून आणल्यावर तिला चार दिवस घाण जात होती. गर्भपिशवीत जंतू गेले असतील. आत पू साठला तरी शेपटी अशीच वर होते. एकदा तपासू द्या.”

“हात घालशील आणि गर्भ पाडशील! काल शिकलीस, आज बापाला शिकवतेस?”

मीही हसून त्याला टाळी दिली.

उंटीण तेरा महिन्यांनी विते; ते तेरा महिने त्याने म्हातारीला हाताने चारा भरवला. पोट दिसेना, तर म्हणायचा, “लाजरीच आहे ती पहिल्यापासून.” चौदावा लागला तशी मालकाने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बादलीभर पू निघाला. पिशवीचं तोंड आतून चिकटलेलं, म्हणून त्या चार दिवसांनंतर बाहेर थेंबही आला नव्हता.

हात धुता धुता बाई म्हणाल्या, “तेव्हाच दाखवायचं होतं. धुऊन औषध सोडलं असतं, तर बरी झाली असती. आता कधीच राहणार नाही.”

मेहुण्याने लेकीकडे पाहिलं. ती बादली उचलून बाहेर ओतायला गेली. चार शब्द सुनावले असते, तर त्याला सोपं गेलं असतं.

खाटकाचा ट्रक आला. म्हातारी फळीवर पाय ठेवीना. दोघांनी ढकललं, एकाने काठी उगारली. शेवटी मेहुणाच ट्रकवर चढला आणि त्याने तिला हाक मारली. त्याच्या हाकेसरशी ती मुकाट चढली.

नोकरी टिकली त्याची. आता लेक हातमोजा चढवून पिशवीतला नमुना घेते आणि बाप मागे शेपटी धरून उभा असतो. परवा मी सहज विचारलं, “काय रे, गाभण वाटते का?”

“तिला विचारा, दाजी,” तो म्हणाला. “मी नुसती धरतो.”