डब्यावरचं नाव

भोसरीच्या भांड्यांच्या दुकानात मी पातेल्यांवर नावं घालून घ्यायला उभी होते. माझ्यापुढे गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला एक तरुण होता. हिंजवडीच्या ऑफिसात डबे बदलतात, म्हणून त्याला डब्यावर, झाकणावर आणि आतल्या दोन्ही वाट्यांवर नाव हवं होतं. एकेक अक्षर तो वाकून तपासत होता.

मध्येच मोबाइल वाजला की मात्र कपाळाला हात लावी. न राहवून मी विचारलं. दोन वर्षं खपून त्याने बैलगाडा शर्यतीचा गेम बनवला होता. आता त्याच नावाचा दुसऱ्या कुणाचा तरी गेम आला होता. त्यातल्या जाहिरातींना वैतागलेले लोक शिव्या यालाच देत होते.

"नावाचा ट्रेडमार्क घेतला नव्हता?" माझ्या मसाल्याच्या नावाचा मी पहिलं पाकीट विकायच्या आधीच घेतला होता.

"नाही हो काकू. म्हटलं, आधी गेम चालतो का बघू."

नाव कोरणाऱ्या काकांनी मशीन थांबवलं. "मंग ह्यो डबाबी आधी हरवतोय का बघा की राव! नाव कशापायी घालताय?"

तो ओशाळून हसला.

"आता नाव आधी तुमचं होतं, याचे पुरावे गोळा करा," मी म्हटलं, "आणि अर्ज आजच करा."

त्याने माझ्या वकिलांचा नंबर घेतला, डबा पिशवीत ठेवला आणि घाईने निघाला. दारातूनच परत फिरला.

"काका, चमच्यावर नाव घालायचं राहिलं."