टायटॅनिकच्या गोदीवर विहीरपूजा

नव्वदच्या सुमारास माझ्या बाळंतपणासाठी आई पारोळ्याहून थेट बेलफास्टला आली आणि तिने मला सव्वा महिना उंबरठा ओलांडू दिला नाही. खिडकीसुद्धा उघडायची नाही! माझं डोकं फिरायची वेळ आली. अखेर सव्वा महिना सरला. आता विहीर पुजली की बाळंतीण बाहेर पडायला मोकळी. पण त्या शहरात विहीर कुठली? नवऱ्याने आम्हाला जहाजांच्या जुन्या गोदीवर नेलं. खोल, कोरडी, पायऱ्यापायऱ्यांची. आईने काठावर हळदकुंकू वाहिलं.

नवरा कौतुकाने सांगू लागला, "टायटॅनिक इथंच तयार झालं. इथून निघालं आणि पहिल्याच फेरीत बुडालं."

आईने माझा दंड धरला. "देखं? घाई करीसन भाईर पडनं, आनि बुडनं!"

घरी येताच दाराची कडी तिनेच लावली.