डिस्चार्ज बुकातलं नाव

कॅम्पातल्या लष्करी मुख्यालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, तीही साडी नेसून. लोकांना वाटे, म्हणजे ही बाई युद्धाच्या नकाशांजवळ बसत असणार. आमच्याकडे लढाई कधीच नसे. कुणाला कुठलं क्वार्टर द्यायचं, फौजेची कुठली जमीन कुणी कुंपण घालून बळकावली, पूर आल्यावर कलेक्टर कचेरीच्या पत्रावर किती जवान पाठवायचे, आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या निवृत्त फौजींच्या आणि त्यांच्या बायकांच्या तक्रारी कुठे धाडायच्या, एवढं आमचं काम. शेवटची दहा वर्षं माझ्याकडे या तक्रारी होत्या. अर्ज आला की नोंदवायचा, साहेबांची सही घ्यायची, पुढे पाठवायचा. उत्तर आलं की अर्जदाराला कळवायचं. निर्णय आमच्या हातात जवळजवळ कुठलाच नसे, आणि समोर बसलेल्या माणसाला ते कधीही पटत नसे.

तोवर माझा मुलगा हिंजवडीला आयटी कंपनीत लागला होता. सकाळी सातला कंपनीची बस घ्यायला यायची. आमची गाठ रविवारी. आमच्या कचेरीतही एक कॉम्प्युटर आला होता. त्याला छान प्लास्टिकचं कव्हर होतं आणि ते काढायची परवानगी एकाच हवालदाराला होती.

अशाच एका मे महिन्यात लोणी काळभोरच्या पुढच्या वस्तीवरून एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. सोबत मुलगी, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. नवरा फौजेत नाईक होता, निवृत्त होऊन गावी आला आणि काही वर्षांत काविळीने गेला. मुलीला इंजिनिअरिंगला माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या जागेवर अर्ज करायचा होता. त्यासाठी लागणारा दाखला जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातून मिळतो; तिथे त्यांना परत पाठवलं होतं.

"मॅडम, ते म्हणाले आईचं नाव मॅच होत नाही," मुलगी म्हणाली. "आणि फॉर्मची लास्ट डेट जूनएंडला आहे."

मी नाईकांचं डिस्चार्ज बुक उघडलं. फौज सोडताना मिळतं ते छोटं पुस्तक, त्यात सगळी नोकरी आणि घरची माणसं लिहिलेली. पत्नीच्या रकान्यात एक नाव होतं. रेशन कार्डावर, मतदार यादीत, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरंच.

मी ते नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कोण?"

 मुलगी आईकडे बघायला लागली. मला वाटलं, झालं, पहिली बायको निघाली. अशी प्रकरणं मी पाहिली होती.

"मीच हाय," बाई हळूच म्हणाल्या. "लग्नात तांदळावर लिवलं व्हतं त्यांनी. सासूबाईंना न्हाई आवडलं. त्यांच्या मेल्याल्या जावंचं नाव व्हतं म्हनं. मग समदे माहेरच्याच नावानं हाक मारत ऱ्हायले."

"आणि ते?"

"ते तांदळावरच्याच. पर कुनाच्या म्होरं न्हाई." त्यांनी पदर नीट केला. "फौजंत लिवलंय ते मला ठावं नव्हतं. मला वाचाया येत न्हाई."

मुलगी म्हणाली, "आई, तू कधी बोलली नाहीस मला."

"काय बोलायचं त्यात."

माझंही लग्नात नाव बदललं होतं. कचेरीत मी माहेरची राहिले, घरी सासरची झाले. नवऱ्याने दोन्ही नावं कधी वापरली नाहीत; तो 'अगं' म्हणतो. म्हणून असेल, मी त्या दिवशी नेहमीचा छापील कागद त्यांच्या हातात देऊन मोकळी झाले नाही. प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतः लिहून दिला: अमुक उर्फ तमुक, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. सरपंचाचा दाखला कसा हवा तेही सांगितलं. आठवड्यात दोघी सगळं घेऊन आल्या. साहेबांच्या सहीचं पत्र जोडून ते डिस्चार्ज बुक नाईकांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं. ते परराज्यात.

बारावीचा निकाल लागला. मुलीला चांगले मार्क पडले. तिने पुलगेटच्या बस स्टँडवरून फोन केला, पेढे घेऊन यायचं का विचारायला. मी म्हटलं, "आधी कागद येऊ दे."

कागद आला तो आक्षेप घेऊन. 'उर्फ' चालणार नाही. दोनपैकी एक नाव ठेवावे, दुसरे रद्द करावे. मी साहेबांकडे गेले. चांगले होते ते, दोन वर्षांत बदलून जाणारे. म्हणाले, "मॅडम, रूल है। एक ही नाम लिखवा लीजिए।"

बाईंना बोलावून घेतलं. काय झालं ते सांगितलं. मुलीच्या सगळ्या प्रमाणपत्रांवर आईचं माहेरचं नाव, म्हणजे खोडायचं कुठलं हे उघडच होतं. तरी बाईंनी विचारलं, "त्यांनी लिवल्यालं ऱ्हायलं तर न्हाई का चालनार? बाकी समदीकडं बदलू की."

"त्याला वर्ष जाईल," मी म्हटलं. "शाळा, बोर्ड, रेशन, सगळीकडे."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. "आई, तुला नको असेल तर राहू दे. मी बीएस्सी करीन."

"गप," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कुटं आंगठा द्याचा?"

पुन्हा पत्र, पुन्हा सही, पुन्हा रजिस्टर पोस्ट. मी कचेरीच्या लाइनवरून रेकॉर्ड ऑफिसला रोज फोन लावायला लागले. पलीकडचा कारकून रोज तेच सांगे, "फाइल चली है, मॅडम।" घरी मुलाला हे सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "आई, हे कॉम्प्युटरवर एका क्वेरीचं काम आहे. दोन सेकंदांचं." मी त्याला आमटी वाढली. दोन सेकंदांच्या कामाला माझे केस पांढरे झाले हे त्याला काय सांगायचं.

फॉर्मची तारीख गेली. त्यानंतर नऊ दिवसांनी डिस्चार्ज बुक आलं. पत्नीच्या रकान्यातलं नाव लाल शाईने खोडून वर दुसरं लिहिलेलं, शेजारी शिक्का.

दोघी घ्यायला आल्या तेव्हा मी उशीर झाल्याबद्दल काही बोलायला गेले, पण मुलीनेच थांबवलं. "हडपसरला घेतली मॅडम ॲडमिशन. कॉम्प्युटर सायन्स आहे बीएस्सीला. ठीक आहे." ती रडली वगैरे नाही. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

बाईंनी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. "खोडल्यालं वाचाया येतंय का अजून?"

मी चष्मा लावून पाहिलं. लाल रेघ सरळ अक्षरांच्या मधून गेली होती, पण खालचं नाव स्वच्छ दिसत होतं. "येतंय," मी म्हटलं.

"वाचा बरं."

मी वाचलं. बाईंनी पुस्तक मिटलं, रुमालात बांधलं आणि दोघी गेल्या. टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला होता. तो मी नंतर पाहिला.

त्या दुपारी आणखी चार अर्ज आले. एका सुभेदारांच्या विधवेचं क्वार्टर, एका शिपायाचा अपंगत्वाचा दाखला, उरलेले दोन आता आठवत नाहीत. मी ते नोंदवले. पेढे सगळ्यांना वाटले, कशाचे म्हणून कुणी विचारलं तर 'असेच' म्हणाले. संध्याकाळी बसला गर्दी होती. पायांत गोळे आले होते. एका मुलीने उठून जागा दिली तेव्हा मी पहिल्यांदाच नाही म्हटलं नाही, बसून घेतलं.

पुढच्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. माझ्याच टेबलावर तो नोंदवला, साहेबांकडे नेला आणि पुढे पाठवला. उत्तर यायला सात महिने लागले.