आधी फी, मग गोष्ट

वनकर वकिलांच्या बैठकीत पक्षकाराला येताक्षणी आपली हकीकत सांगता येत नसे. माणूस बाकावर टेकला आणि "साहेब, काय झालं का..." म्हणून सुरू झाला, की वकील हाताचा पंजा वर करत.

"थांबा. गोष्ट मंग. पयले केस कायची हाय, तेवढंच सांगा."

माणूस गोंधळे. वर्षानुवर्षे पोटात साठवलेले एका शब्दात कसे सांगायचे, हे त्याला कळत नसे. मग वकीलच विचारत : दिवाणी का फौजदारी? वाटणी का कब्जा? जामीन का पुरी केस? प्रकार ठरला की ते आकडा सांगत आणि तो बैठकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगत. आकडा पटला तर पक्षकाराला आतल्या खोलीत नेत, दार लावत आणि म्हणत, "हं, आता बोला."

१९८० नंतरची काही वर्षे मी चंद्रपुरातल्या एका दैनिकासाठी न्यायालयाच्या बातम्या देत होतो. वनकरांची पहिली भेट झाली ती त्यांच्या बैठकीत, एका निकालाची प्रत मागायला गेलो तेव्हा. समोर बल्लारशाकडचा एक तरुण बसला होता. त्याने "बायकोची केस" एवढेच सांगितले.

"नांदवाची का सोडाची?" वकिलांनी विचारले.

"म्हंजे?"

"बायको पाह्यजे का नको?"

"भाव काय काय हाय?"

"नांदवाची शंभर. सोडाची तीनशे."

"एवढा फरक काऊन जी?"

"सोडाले कागद जास्त लागते."

तरुण बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसला. मग "घरी पुसून येतो" म्हणून उठला. तो परत आल्याचे मला कधी कळले नाही.

वनकरांचे दर बार रूममध्ये चेष्टेचा विषय होते. नोटीस पंचवीस रुपये, जामीन दीडशे, खुनाचा खटला दोन हजार. घराण्याची ऐपत, गावाचे नाव, अंगावरचे कपडे यांनी त्यात फरक पडत नसे. एक ज्येष्ठ वकील त्यांना भरल्या बार रूममध्ये म्हणाले, "वनकर, भिंतीवर रेटकार्डच लावून टाक ना. उसळ, मिसळ, जामीन." वनकरांनी चहाचा कप खाली ठेवला. "हॉटेलात मानूस पयले भाव पायते, मंग खाते," ते म्हणाले. "आपल्या इथी पयले ताट येते. भाव हात धुतल्यावर समजते."

आधी फी का, याचे कारण त्यांनी एकदाच सांगितले. गडचिरोलीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. तिथल्या कोर्टात त्यांच्या जंगलाच्या केसेस असत. त्यांचे वडील ब्रह्मपुरीकडे शेतमजुरी करत आणि बैलजोडी भाड्याने चालवत. छप्पन साली घराने दीक्षा घेतली, त्यानंतर गावात पाण्यावरून भांडण झाले आणि वडिलांवर मारहाणीची फिर्याद झाली. तालुक्याच्या वकिलाने सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि मग फी सांगितली. पुढच्या प्रत्येक तारखेला ती वाढत गेली.

"वकिलानं गोष्ट ऐकता ऐकता बैल मोजले," वनकर म्हणाले. "बाबा सुटले. बैल नाई सुटले." मग म्हणाले, "गोष्ट ऐकल्यावर भाव सांगतला का दोनच गोष्टी होते. मानूस भेला असन त भाव चढते, मले दया आली त उतरते. दोन्हीत मी त्याच्या दुःखाचा भाव करून राह्यलो."

दया येऊ नये म्हणून आधी भाव सांगणारा हा माणूस कोरडा होता, असे मात्र नव्हते. त्या दिवशी गडचिरोलीत एक म्हातारा गोंड त्यांची वाट पाहत होता. बांबू तोडल्याचा गुन्हा होता. वनकरांनी प्रकार विचारला, फी सांगितली, आणि त्याच श्वासात म्हणाले, "बाबा, दंड माह्या फीपेक्षा कमी होईन. कबूल करा, दंड भरा, दुपारच्या गाडीनं घरी जा. केस लहान न् वकील मोठा, असा सौदा करू नये." म्हाताऱ्याने दंड भरला. वनकरांचे येण्याजाण्याचे भाडे त्या दिवशी वाया गेले.

त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. घर बरेचसे त्यांच्या पगारावर चाले आणि ही गोष्ट त्या लपवत नसत. एका वाटणीच्या दाव्याची फी वनकरांनी सुरुवातीला आठशे सांगितली होती. दावा सात वर्षे चालला. चुलतभावांचे जावईही त्यात पक्षकार झाले. वनकरांनी जास्तीचा रुपया मागितला नाही. सुलोचनाबाई चहा देताना मला म्हणाल्या, "आमचे साहेब पंचांग न पाहता लग्न लावते. सात वर्सं पंगत उठून नाई राह्यली, न् हे आपले वाढून राह्यले." वनकर हसले.

सुलोचनाबाईंची आणखी एक तक्रार होती. बैठकीतला आकडा स्वयंपाकघरात ऐकू येई, पण आतल्या खोलीतली हकीकत कधीच नाही. वनकरांचा नियम होता, 'फी चारचौघात, गोष्ट दाराआड'. त्यांनी पक्षकाराचा एक शब्द घरात काढला नाही. "मले भाव सारे पाठ हाय," सुलोचनाबाई म्हणत, "माल कोनता व्हता ते इचारू नका."

पार्बताबाई दुर्गे या बैठकीत पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तिथेच होतो. राजुऱ्याजवळचे त्यांचे गाव कोळसा खाणीसाठी घेतले जात होते. नवरा वारलेला, मूल नाही, तीन एकर शेत आणि शेतात विहीर. सरकारने ठरवलेला मोबदला त्यांनी घेतला होता, पण तो कोरडवाहू जमिनीचा होता. पंचनाम्यात विहीर 'पडीत' लिहिली होती, म्हणजे वापरात नसलेली, आटलेली. मोबदला वाढवून मागायचा तर न्यायालयात जावे लागणार होते. सोबत दीर गोविंदा होता.

"जमिनीच्या वाढीव मोबदल्याची केस," वनकर म्हणाले. "सहाशे रुपये. अर्धे आज, अर्धे साक्षीच्या टायमाले. हारलो त परत नाई, जिकलो त वाढ नाई."

गोविंदा लगेच बोलला. गावातल्या सगळ्यांनी दुसरा वकील केला होता. तो आज एक रुपयाही घेत नव्हता. जेवढा मोबदला वाढेल त्याचा चौथा हिस्सा त्याचा. "त्याले हिस्सा हाय म्हून तो जीव लावन," गोविंदा म्हणाला. "तुमचे सहाशे त आजच खिशात. तुमाले काऊन घोर लागन?"

त्या भागात तेव्हा बहुतेकांचा हिशेब हाच होता. ज्याचा वाटा आहे तो राबेल, हे शेतीतून आलेले शहाणपण होते. बटाईदाराला पिकाची काळजी असते, ठरल्या पगारावरच्या सालदाराला नसते.

वनकर म्हणाले, "हिस्सा घेनं वकिलाले कायद्यानं बंद हाय. पन ते सोडा. हिस्सा घेतला का मी तुमचा वकील नाई राह्यलो, भाऊबंद झालो. जमीन तुमची गेली न् वाटा मी मांगून राह्यलो. घरात एक वाटेकरी कमी हाय का?"

पार्बताबाईंनी दिराकडे पाहिले. शेताच्या वाटणीवरून त्याच्याशी त्यांचे पूर्वी बिनसले होते, हे पुढे कळले. त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि तीनशे रुपये बाकावर ठेवले. आतल्या खोलीचे दार लागले. गोविंदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "गेली बुढी."

दोन वर्षांनी तडजोडीचा प्रस्ताव आला. मोबदला थोडा वाढवून मिळणार होता, सर्वांना एकाच दराने, विहीर असो वा नसो. हिस्स्याच्या वकिलाने त्याच आठवड्यात सर्वांच्या सह्या घेतल्या. त्याला दोष देता येणार नाही. गावभरच्या केसेसमधला चौथा हिस्सा आज मिळत असताना प्रत्येक केस वर्षानुवर्षे लढवण्यात त्याचा फायदा नव्हता. ज्याचा वाटा आहे त्यालाच पीक लवकर कापायची घाई असते, हे गावाच्या लक्षात आले नाही.

सही करायची राहिली एकट्या पार्बताबाईंची. न्यायालयाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली त्या वनकरांपुढे उभ्या राहिल्या.

"भाऊ, सही करू का लढू?"

"फी माही, फैसला तुमचा."

"तुमाले काय वाट्टे ते सांगा ना. सही केली त तुमचं काम संपते. लढलो त सहाशेतच वर्सं न् वर्सं राबा लागन."

"म्हूनच मी सांगत नाई. माह्या सांगन्यात माहा आराम येईन. तुमी मले एकच सांगा, विहिरीले पानी हाय?"

"हाय."

"केवा?"

"बारोमास. वैशाखात बी आटत नाई."

त्यानंतर वनकरांनी अर्ज केला की खाण तिथवर पोचण्याआधी न्यायालयाने कमिशनर पाठवून विहीर पाहावी, आणि ती मे महिन्यात पाहावी. सरकारी वकिलालाही आश्चर्य वाटले, कारण पाहणी पावसाळ्यानंतर झाली असती तर बाईंचाच फायदा होता. वनकरांनी न्यायाधीशांना सांगितले, "पावसाळ्यात डबकेही विहिरीसारखे दिसते, साहेब." बाहेर व्हरांड्यात येऊन मात्र ते पार्बताबाईंना म्हणाले, "बाई, खदान जवळ आली हाय. ते पंप लावून पानी फेकून राह्यले. आजूबाजूच्या विहिरी खाली चालल्या. तुमची आटली असन त केस गेली."

"आटली असन त मी खोटी," बाई म्हणाल्या. "मे त मे."

पाहणीच्या दिवशी मी गेलो होतो. शेतात पीक नव्हते. पलीकडे खाणीच्या मातीचा ढीग दिसत होता आणि तिथून पंपाचा आवाज सतत येत होता. कमिशनर म्हणून नेमलेले वकील डोक्याला रुमाल बांधून काठावर उभे राहिले. पार्बताबाईंनी बादली सोडली. दोर पुरला नाही. त्यांनी दुसरा दोर जोडला. बादली वर आली ती अर्धी आणि गढूळ.

सरकारी वकील म्हणाले, "बाई, एवढ्यात आंघोळ तरी होईन का?"

"तुमच्या अंगावर टाकून पाहू का?"

कमिशनर हसले, पण त्यांनी लिहायला पेन काढले. वनकर विहिरीत पाहत होते.

"साहेब, लिहू नका," पार्बताबाई म्हणाल्या. "घडीभर बसा. झरा हाय. गाळ ढवळला म्हून असं झालं."

सावली एका बोरीची होती, ती सगळ्यांना पुरली नाही. बाई काठावरून हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा बादली सोडली. या वेळी ती बुडाल्याचा आवाज वर ऐकू आला. भरली बादली त्यांनी कमिशनरांपुढे ठेवली. "पेऊन पाहा न् मंग लिहा, विहीर हाय का नाई." कमिशनरांनी ओंजळ धरली. त्यांच्यानंतर सरकारी वकीलही प्याले. वनकर सर्वांत शेवटी प्याले आणि मग खाली बसले.

पुढच्या पावसाळ्याआधी ती विहीर खाणीत गेली.

साक्षी झाल्या, युक्तिवाद झाला. निकाल राखून ठेवला असताना, एका सकाळी न्यायालयात निघण्यासाठी कोटाची बटणे लावत असता वनकर कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत गेले होते. वय बावन्न. बार रूममधल्या शोकसभेत रेटकार्डची चेष्टा करणाऱ्या त्या ज्येष्ठ वकिलांना बोलायला सांगितले. ते उभे राहिले आणि तसेच खाली बसले.

निकाल तीन महिन्यांनी लागला. न्यायालयाने विहीर जिवंत पाण्याची धरली आणि जमीन ओलिताची. वकिलाचा हिस्सा वजा होण्याआधी गोविंदाला जो दर मिळाला होता, त्यापेक्षाही पार्बताबाईंचा दर बराच वर गेला.

पैसे हातात आल्यावर त्या चंद्रपूरला आल्या. मी वनकरांच्या घरी जुनी कात्रणे परत करायला गेलो होतो. बैठकीतला बाक तसाच होता. पार्बताबाईंनी सुलोचनाबाईंना जयभीम केला, पदराच्या टोकाला बांधलेले पुडके पुढे घेतले आणि सुरुवात केली.

"बाई, काय झालं का..."

सुलोचनाबाईंनी हाताचा पंजा वर केला.

"थांबा. पयले सांगा, फी देल्ली व्हती का?"

"देल्ली व्हती. पुरी."

"केवढी?"

"सहाशे."

"मंग ते गाठ सोडू नका."

"गोविंदानं चौथा हिस्सा देल्ला. साऱ्या गावानं देल्ला. मी काऊन नाई देऊ? माही खुशी मी कुठी ठेवू?"

सात वर्षांच्या वाटणीच्या दाव्यावरून नवऱ्याला टोमणे मारणाऱ्या याच सुलोचनाबाई होत्या. त्यांची नजर त्या पुडक्यावर होती. मग त्यांनी ते पार्बताबाईंच्या पदरात परत सरकवले आणि गाठ स्वतःच्या हाताने घट्ट केली.

"खुशी असन त गोष्ट सांगा," त्या म्हणाल्या. "पुरी सांगा. या मानसानं मले साऱ्या जन्मात एक बी सांगतली नाई."

त्यांनी पार्बताबाईंना उठवून आतल्या खोलीकडे नेले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो.

मागे दार लागले. चपला घालताना आतून आवाज आला, "तं बाई, काय झालं का..."